सिगुर्गेरच्या गोठ्यामागचे एक्सल

बाऊर्दार दरीतल्या म्हाताऱ्या सिगुर्गेरच्या गोठ्यामागे एक उलटलेली जीप चार वर्षं पडून होती. पत्रा सगळा चेपलेला, काचा गेलेल्या. पण खालचे दोन्ही एक्सल, चाकं जोडणारे आडवे दांडे, धडधाकट होते. रुंद, जाड, ट्रकला शोभतील असे. हाल्ला दर शरद ऋतूत मेंढ्या हाकायला मदतीच्या नावाखाली तिकडे जायची आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारायची, "ते एक्सल काय करणार आहेस?" म्हातारा तपकीर ओढून म्हणायचा, "बघू." चार शरद ऋतू तिने ते 'बघू' ऐकून घेतलं. म्हाताऱ्याला घाई केलेली खपत नाही, हे सगळ्या दरीला ठाऊक होतं.

आणि मार्चच्या एका शनिवारी तेच एक्सल तिने गावात नव्याने आलेल्या तोर्फीच्या गॅरेजमध्ये पाहिले. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेले, गंज खरवडून तेल लावलेले, वधूवरांसारखे शेजारीशेजारी. त्यांच्याशेजारी जमिनीवर उताणा पडून कोणीतरी शीळ घालत होतं. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, केतिल.

"पाहिलेस?" खालूनच तो म्हणाला. "सिगुर्गेरने दिले."

हाल्ला म्हणाली, "छान आहेत," आणि तडक घरी आली. रस्त्यात बेकरीवाल्या बाईने हाक मारली, तीही तिला ऐकू आली नाही.

हाल्ला तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. हुसाविकच्या धक्क्यावर बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात सतराव्या वर्षी झाडू मारायला लागली आणि विसाव्या वर्षी हातात वेल्डिंगची कांडी घेतली. सुरुवातीला बोटवाले तिच्या कामावर हातोडा मारून बघायचे. पुढे पुढे तेच कप्तान 'टाका हाल्लाचाच पाहिजे' म्हणून आठवडाभर बोट उभी ठेवायला लागले. लग्न केलं नाही. एक होता, तो मासेमारीला दक्षिणेकडे गेला आणि तिकडचाच झाला. तिच्या आयुष्यात दोनच गोष्टी पक्क्या होत्या: घरामागचं जुनं मासळीचं कोठार, ज्याचं तिने गॅरेज केलं होतं, आणि त्यात उभी असलेली करडी जीप. ती जीप तिने आणि केतिलने पंधरा हिवाळे खपून वाढवली होती. टायर मोठे केले, चाकांवरचा पत्रा कापून रुंद केला, मागे दुसरी टाकी बसवली. हिमवादळात कोणी हरवलं की बचाव पथकाचा पहिला फोन हाल्लाला यायचा. पण खालचे एक्सल मूळचे, बारीक. दोनदा तुटले होते. आणि खाली स्प्रिंगऐवजी ते ट्रकसारखे पोलादी पाटे, दगडावरून गेलं की दात वाजायचे.

तोर्फी दीड वर्षांपूर्वी राजधानीतून आलेला दातांचा डॉक्टर. त्याचं नवं घर टेकडीच्या बाजूला, आणि गॅरेजच्या फरशीखालून गरम पाण्याचे नळ फिरवलेले. बाहेर उणे दहा असताना आत माणूस सदऱ्यावर काम करायचा. हाल्लाच्या कोठारात रॉकेलची शेगडी होती, ती पाठ शेकायची आणि पाय गारठवायची. तोर्फी माणूस वाईट नव्हता. हाच खरा त्रास होता. तो उद्धट असता, उधळ्या असता, तर तिला सोपं गेलं असतं. तो प्रत्येकाला कॉफी द्यायचा, स्वतः क्लाइनुर, म्हणजे पिळाच्या गोड वड्या, तळायचा, आणि आपल्याला जीपमधलं काही कळत नाही हे हसत कबूल करायचा.

त्या मार्चमध्ये केतिल एकदाही कोठाराकडे फिरकला नाही. तोही तिच्याच कारखान्यात होता; जेवणाच्या सुट्टीत तो तिच्याशेजारी बसायचा खरा, पण तोंडात तोर्फीचीच जीप. पाटे काढून टाकले, आता कॉइल स्प्रिंग बसणार. एक्सल मागेपुढे सरकू नये म्हणून दोन लोखंडी हात लागतात, ते चासीला कुठे धरायचे याचं गणित त्याने स्वतः मांडलंय. शॉकअप लांबलचक मागवलेत. हाल्ला सुकी मासळी लोण्यात बुडवून चावत राहायची. पंधरा वर्षं या माणसाने आपल्या शेगडीपुढे बसून असा कधी उत्साह दाखवला होता का, हे ती आठवून बघायची आणि तिला एकही संध्याकाळ सापडायची नाही. त्याने आणखीच पोटात दुखायचं.

ती मग नाही नाही त्या गोष्टी करायला लागली. दुकानाला जायचा जवळचा रस्ता सोडून टेकडीच्या रस्त्याने जायची. तोर्फीच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं असलं की तिची चाल आपोआप मंदावायची. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला की ती दिवसभर धुमसायची, आणि आवाज आला नाही तरी धुमसायचीच. एकदा तोर्फीने तिला पाहून आत बोलावलं, तर घाई आहे म्हणून निघून गेली आणि दुकानात जाऊन काय घ्यायचं होतं तेच विसरली.

ईस्टरच्या आधी आठ दिवस तोर्फी धक्क्यावर आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. सगळं जागेवर लागलंय, म्हणाला, केतिलने तात्पुरते टाके मारून ठेवलेत. पण चासीवरचं शेवटचं वेल्डिंग तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायची आपली तयारी नाही. ईस्टरला आस्क्याच्या डोंगरातल्या झोपडीपर्यंत जायचं ठरलंय. सरकारी तपासणी सणानंतर करू.

हाल्लाने हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तिला जीप जवळून बघायला मिळाली नसती.

संध्याकाळी ती आपला वेल्डिंगचा मुखवटा घेऊन गेली. फरशी खरोखरच गरम होती. तिने बूट काढले नाहीत. जीपखाली सरकली आणि कंदील फिरवला. काम नेटकं होतं. इतकं नेटकं की तिला राग आला. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं.

जीप ज्यांवर टेकवली होती त्यातले पुढचे स्टँड मागच्यापेक्षा चार बोटं उंच होते. म्हणजे केतिलने कोन मोजला तेव्हा जीपचं नाक वर होतं. पुढचं चाक ज्या सांध्यावर वळतं त्याचा माथा जरा मागे कललेला असावा लागतो, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखा. म्हणजे स्टीअरिंग सोडलं तरी गाडी सरळ धावते. उंच नाकामुळे तो कल पट्टीवर बरोबर दिसला होता. जीप सपाट जमिनीवर उतरली की कल नाहीसा होणार. त्या लोखंडी हातांचे ब्रॅकेट चासीवर दोन बोटं खाली हवे होते. गावात हळू चालवताना कळणारही नाही. वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं फडफडायला लागतील आणि थांबणार नाहीत.

केतिल बाजूला गुडघ्यांवर बसला होता. "बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. परीक्षेचा निकाल विचारावा तसा होता.

हाल्लाने मुखवटा खाली ओढला. "तू मोजलंयस ना? मग झालं."

आणि तिने वेल्डिंग केलं. आयुष्यात केलेल्या उत्तम कामांपैकी ते एक होतं. टाका असा एकसारखा की रांगोळीचं बोट फिरल्यासारखा. तोर्फीने वाकून पाहिलं आणि दाद दिली. ती कॉफी न घेता निघाली. घरी जाताना तिला हलकं वाटत होतं. फजिती होईल, ती मनाशी म्हणाली, तपासणीत नापास होईल, मग येतील दोघे खाली मान घालून. यापलीकडचं तिने स्वतःला पाहू दिलं नाही.

गुड फ्रायडेला सकाळी नऊला ते निघाले. केतिल गाडी चालवत होता, तोर्फी शेजारी. तिला बोलावलं होतं. तिने पाठ दुखते म्हणून सांगितलं. खिडकीतून तिने जीप गावातून जाताना पाहिली. काय दिसत होती! पाय लांब केलेल्या घोड्यासारखी डौलात, रस्त्यातल्या बर्फाच्या ढिगावरून अशी गेली की आतल्या माणसांची मुंडकीसुद्धा हलली नाहीत. हाल्लाचा जीव जळून कोळसा झाला. तिने दुसरा पेला कॉफी ओतली, आणि पेला तोंडाला लावता लावता तिच्या डोळ्यांपुढे होउलासांदुरचा रस्ता आला. खडीचा, सरळसोट, वीस किलोमीटर एकही वळण नाही. तिथे सगळेच वेग धरतात. केतिल तर धरतोच.

तिने तोर्फीच्या गाडीतल्या फोनवर तीनदा फोन लावला. लागला नाही. मग ती जशी होती तशी, घरातल्या स्वेटरवर, करड्या जीपमध्ये बसली.

ती पोचली तेव्हा जीप रस्त्याच्या डावीकडे काळ्या वाळूत आडवी उभी होती, नाक बर्फाच्या बांधात, पुढचं एक चाक आत दुमडलेलं. केतिल सुट्या टायरवर बसला होता. भुवईतून रक्त येऊन कानापाशी वाळलं होतं आणि उजवा हात त्याने पोटाशी धरला होता. मनगट भलत्या दिशेने वळलेलं. तोर्फी त्याला गळपट्ट्याने झोळी बांधत होता. त्याला स्वतःला काही झालं नव्हतं, फक्त चेहरा पांढरा पडला होता.

"खड्डा होता," तोर्फी म्हणाला. "कोणाचाच दोष नाही."

"खड्ड्याने असं होत नाही," केतिल म्हणाला. "माझंच मोजमाप चुकलं. शंभरदा तपासलं मी. तरी चुकलंच."

हाल्लाला गप्प राहणं अगदी सोपं होतं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"चुकलं होतं," ती म्हणाली. "पुढचे स्टँड उंच होते. मी पाहिलं होतं."

केतिलने मान वर केली. "कधी?"

"वेल्डिंगच्या आधी."

वाळूवरून वारा वाहत होता. मग तोर्फीने, भांडणाच्या सुरात नव्हे, खरंच समजत नाही म्हणून, विचारलं, "का पण?"

"ते एक्सल मला हवे होते," हाल्ला म्हणाली. "चार वर्षं मागत होते." ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. "आणि हा तुझ्याकडे येऊन बसला."

एक्सलचं तोर्फीला माहीतच नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसलं. त्याने केतिलकडे पाहिलं. केतिल खाली बघत होता.

"म्हाताऱ्याने ते तुझ्यासाठीच देऊ केले होते," केतिल म्हणाला. "नोव्हेंबरमध्ये. बहिणीला सांग, घेऊन जा म्हणाला. मी तुला सांगितलं नाही. तोर्फीला दिले."

"का?" आता हाल्लाने विचारलं.

"तुझ्याकडे आले असते तर मी पाना पुढे केला असता. पंधरा वर्षं तेच करतोय. कंदील धर, पाना दे, सरक बाजूला. तोर्फीला काही येत नाही. तिथे मी मोजलं आणि मी ठरवलं. एक काम, हाल्ला. एकच काम मी आपल्या डोक्याने केलं होतं."

तिने दोघांना करड्या जीपमध्ये बसवलं आणि गावाकडे वळली. पाटे दगडागणिक आदळत होते आणि दर दणक्याला केतिलचा श्वास अडकत होता. दवाखान्यात मनगटाला दोन खिळे घालावे लागले.

सणानंतरच्या सोमवारी ती तोर्फीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ब्रॅकेट कापून पुन्हा बसवायचे आहेत, चाक आणि त्यामागचा सांधाही बदलायचाय, आपण करतो. तोर्फीने विचार करायला वेळ घेतला. मग बाजूला झाला. अकरा दिवस ती कामावरून सरळ तिथे जायची. आपलाच देखणा टाका ग्राइंडरने कापताना ठिणग्या मानेवर पडायच्या, तिने मान झाकली नाही. पहिले पाच दिवस तोर्फीने कॉफी विचारली नाही. सहाव्या दिवशी पेला आणून ठोकळ्यावर ठेवला आणि काही न बोलता आत गेला.

केतिलच्या घरी ती दोनदा गेली. पहिल्यांदा त्याने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण माफ केलं असं काही म्हणाला नाही. फक्त नवा कोन किती धरला ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने डाव्या हाताने कागदावर आकडा लिहिला, तपासला आणि आणखी अर्धा अंश लागेल म्हणाला. तिला पटत नव्हतं. परत गॅरेजमध्ये जाऊन तिने स्टँड सपाट केले आणि पुन्हा मोजलं. अर्धा अंश कमीच पडत होता.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तिघं आस्क्याला गेले. तोर्फीची जीप केतिल चालवत होता. बर्फात रुतू नये म्हणून टायरमधली हवा जवळजवळ सगळी सोडलेली, आणि ती जीप भुसभुशीत बर्फावरून पोहल्यासारखी चालली होती. मागून हाल्ला रुतत, मागे घेत, पुन्हा धडक मारत. तिसऱ्या चढावर ती पार बसली. पुढची जीप थांबली. केतिल उतरला, दोरी ओढत खाली आला, तिच्या गाडीच्या पुढे गुडघे टेकून त्याने हूक अडकवला. उजवं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, त्याला वेळ लागला. हाल्ला काचेआडून बघत राहिली. मदतीला उतरावं असं तिला वाटलं, पण तिने हात स्टीअरिंगवरच ठेवले.

झोपडीत पोचल्यावर भाकरीवर धुरावलेलं मटण ठेवून खाताना तोर्फीने तिला विचारलं, "आता कसं वाटतं? अजून जळतेस का?"

"जळते की," हाल्ला म्हणाली. "चढावर तर फार."

तोर्फी हसला. केतिलने डाव्या हाताने मटणाचा आणखी एक काप तोडला आणि बहिणीच्या भाकरीवर ठेवला.