मनकर्णाच्या हाताखालची टाळू

प्रताप नगरात सत्तरच्या दशकात जन्मलेल्या निम्म्या पोरांची नाकं न्हाऊ-माखू घालणाऱ्या मनकर्णाच्या हातची. दोन्ही पाय लांब पसरून ती पाटावर बसायची, लेकराला नडग्यांवर आडवं घ्यायची आणि तेल चोळता चोळता आख्ख्या मोहल्ल्याच्या बातम्या द्यायची. तिला सल्ला द्यायची कुणाची बिशाद नव्हती. टाळू भरण्यात तर तिचा हातखंडा. चमचाभर तेल तळव्यावर घेऊन ती टाळूवर असं थोपटायची, की लेकराआधी आईच पेंगायची.

उत्तराची प्रज्ञा चार महिन्यांची झाली, तेव्हा तिची टाळू कशी घट्ट, वर आलेली! मनकर्णा शेजारपाजारच्या बायांना बोलावून दाखवायची.

"पाहा वं, याले म्हंतात टाळू भरली!"

"पण मावशी, दूध टिकून नाही राहिलं पोटात," उत्तरा म्हणायची. "कुंची पण बसत नाही डोक्यात. दवाखान्यात दाखवू का?"

"काहून घाबरून राहिली वं? अकलेची पोर हाये, डोकं मोठंच राहीन!"

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मनकर्णाला पाळण्यात अक्कलसुद्धा दिसायची. पहिलटकरीण उत्तरा मान डोलवायची आणि दवाखाना पुढे ढकलायची.

एका सकाळी अंगावर पाणी घालताना प्रज्ञाची बुबुळं खाली गेली आणि खालीच राहिली. वर नुसतं पांढरं. मनकर्णाने हाक मारली, टाळी वाजवली, नजर काही वर येईना. तिने टाळूवर बोट ठेवलं. इतक्या लेकरांची टाळू तिच्या बोटाखाली उडलेली. ही मात्र ताणलेल्या ढोलकीसारखी, निपचित. तिच्या पाचावर धारण बसली, पण ते तोंडावर दाखवेल तर ती मनकर्णा कसली!

"उत्तरा, लुगडं बदल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोकं मोजलं, डोळे पाहिले आणि समजावून सांगितलं. मेंदूभोवती पाणी सगळ्यांच्याच असतं, रोज नवं तयार होतं, जुनं निघून जातं. हिची जायची वाट बंद आहे. पाणी तुंबलं, दाब वाढला. लहान जीव म्हणून हाडं सरकली, डोकं वाढलं. आता त्या दाबापुढे मेंदूत रक्त जायलाही जड जातंय. डोळे जातील, उशीर केला तर जीवही जाईल. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घालावी लागेल.

"मी तेल घालून राहिली होती," मनकर्णाने सरळ विचारलं. "त्यानं झालं का?"

"तेल आत जात नाही, बाई. पण टाळू ताठ झाली तेव्हाच आणायला हवं होतं."

मनकर्णाने तेलकट तळवे पदराला पुसले, पुन्हा पुसले.

ऑपरेशन झालं, प्रज्ञा घरी आली. मनकर्णा काही तिकडे फिरकली नाही. बाकीच्या घरीही तिने निरोप धाडले, कंबर धरली म्हणून. कंबर चांगली ठणठणीत होती. हातांवरचा भरवसा उडाला होता आणि ते तिला फार लागलं होतं.

टाके सुकल्यावर उत्तराच तिच्या दारात आली. काखेत पोर, खांद्यावर पंचा.

"घ्या मावशी. आंघोळ घाला."

"माह्या हातात देतेस? माह्याच पायी उशीर झाला ना वं!"

"झाला. मी सांगत होती, तुमी ऐकलं नाही," उत्तरा म्हणाली. "पण डोळे तुमीच पाह्यले. या हाताले आता समजते. घ्या."

मनकर्णाने पाय पसरले. प्रज्ञाच्या कानामागे नळीचा हरभऱ्याएवढा उंचवटा होता. त्याला धक्का न लावता तिने टाळूवर बोट टेकवलं. टाळू मऊ, थोडी खोलगट, आणि बोटाखाली उडत होती. प्रज्ञा वर तिच्याकडेच बघत होती. मनकर्णा ढसाढसा रडली, लपवलं नाही.

तेलाची वाटी तिने बाजूला सारली.

"उत्तरा, बस इथं," ती म्हणाली. "रातभर कशी होती पोरगी? तू सांग आधी. मंग मी पाणी घेतो."