पुढच्या चाकांना वारा
घाटात ब्रेकचा जळका वास आला की करी रोडच्या आमच्या चाळीखालची एक दुपार आठवते. रेसिंग ट्रॅकवर चौथ्याच फेरीत माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक तापून लागेनासे झाले होते आणि मी भिंतीवर आदळता आदळता वाचले होते. आई म्हणाली, गाडी विकून टाक. गिरणीत फिटर असलेले बाबा महिनाभर माझ्याशी बोललेच नाहीत. त्या दुपारी मात्र ते गाडीपुढे उकिडवे बसले, चाकामागे हात घालून म्हणाले, “अगो, हंय वारोच येणा नाय, मगे तापतला नाय तर काय होतला?” मग त्यांनी पत्रा कापून दोन नरसाळी केली, बंपरच्या जाळीमागे बसवली आणि जाड पाइपांनी वारा थेट ब्रेकच्या डिस्कवर सोडला. चाकं वळवून पाइप कुठे घासत नाहीत ना, हे तीनतीनदा पाहिलं. पुढच्या रविवारी ते स्वतः ट्रॅकवर आले आणि कुंपणाची जाळी घट्ट धरून उभे राहिले. मी दहा फेऱ्या मारल्या, तरी ब्रेक पहिल्यासारखेच लागत होते. मी उतरले तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, “गाडी थांबता ना गो आता?” मी मान डोलावली. “मगे जा, पळव अजून.” आज माझी लेक गाडीची किल्ली घेऊन निघते, तेव्हा कळतं, तेवढं म्हणायला त्यांना किती धीर एकवटावा लागला असेल.