छपराच्या कागदाचा रस्ता

ताईचं पोस्टकार्ड आलं. "रविवारी ये. टँकर गल्लीत येणार. ह्यांची इज्जत पणाला लागलीय." एवढ्यावर मी बोरिवलीहून कांजूरमार्गला निघाले. ऐंशीच्या दशकातली, थंडीतली गोष्ट.

अंधेरीला बस बदलली. साकीनाक्यापर्यंत नुसती धूळ खाल्ली, पण पवईला तलावावरून असा झकास वारा आला की तिकीट तिथेच वसूल! त्या वाटेने गेलात तर डावीकडची खिडकी पकडा. गांधीनगरला उतरून वडापाव खाल्ला आणि चढ चढून ताईची चाळ गाठली.

तिच्या गल्लीत बारमाही सांडपाण्याचा चिखल. पाण्याचा टँकर नाक्यावरच थांबायचा आणि बायका तिथून हंडे वाहायच्या. भाऊजी कारखान्यांच्या गच्च्यांवर डांबरी कागद चिकटवायचं काम करायचे. एका गच्चीवरून उकरलेला जुना कागद फेकून देणार होते. भाऊजींनी तो मागून घेतला, हातगाडीवर घरी आणला. कोयत्याने तुकडे करून पिंपात थोड्या नव्या डांबराबरोबर वितळवला, त्यात खडी कालवली आणि अख्ख्या गल्लीने धुम्मस मारून, खडी ठोकून बसवून रस्ता केला. पहिला तुकडा मऊच राहिला, चपला चिकटायच्या. तो उकरून, खडी वाढवून पुन्हा घातला.

"छपराचा कचरा तो! वाट लागणार बघ," रविवारी टँकरची वाट बघताना शेजारीण माझ्या कानात म्हणाली.

भाऊजींनी ऐकलंच. "अगो, ह्याच कागदान वीस वर्षां पाऊस अडवलो. टँकर काय घेऊन बसलंस?"

टँकर आला. ड्रायव्हर नाक्यावरूनच ओरडला, "फसला तर काढणार कोण?"

"मी काढतंय! तू ये रे!"

चाकं रस्त्यावर चढली. मध्यावर मागच्या चाकाखाली रस्ता बोटभर दबला आणि भाऊजींचा चेहरा उतरला. ड्रायव्हर खाली आला, टाचेने दोनदा ठोकून बघितलं. "चालेल यार," म्हणाला, आणि टँकर थेट ताईच्या दारात आणून लावला. मग काय, शिट्ट्या! शेजारणीची सगळ्यात मोठी.

दुपारी तळलेले बोंबील आणि भात हाणून मी परतले. घरी आईने विचारलं, "रस्ता बघायला एवढ्या लांब गेलीस?"

मला रस्ता सांगताच येईना. डोळ्यांपुढे ताईच येत होती. पाण्याची पिंपं अर्ध्या तासात भरली, आणि काय करावं न सुचून ती उंबऱ्यावर बसली, हात मांडीवर ठेवून. पाण्याच्या वेळेला बसलेली ताई मी तोवर पाहिलीच नव्हती.