दिवसा झोपणारं घर

नरोलीतल्या आमच्या खोलीत दिवसा कुणी मोठ्यानं बोलत नसे. वडील प्लास्टिकच्या कारखान्यात कायमचे रात्रपाळीला. सकाळी आले की चहा घेऊन आडवे व्हायचे, ते संध्याकाळी उठायचे. खोली एकच. कुकरची शिट्टी नको म्हणून आई भातसुद्धा पातेल्यात शिजवायची. माझा अभ्यास ओठांनीच चालायचा, आवाजाशिवाय. कॉम्प्युटरची अंतर्गत रचना हा अख्खा विषय मी असा मुक्यानं पाठ केला होता, आणि तो मला येतो या घमेंडीत होते.

ती घमेंड सिल्वासाच्या कॉलेजात पहिल्याच तोंडी परीक्षेला उतरली. सरांनी विचारलं, "इंटरप्ट आला की प्रोसेसर काय करतो?" इंटरप्ट म्हणजे चालू काम मधेच थांबवणारा इशारा; त्याचं उत्तर डोळ्यांसमोर छापल्यासारखं दिसत होतं. मी ओठ हलवले. सर म्हणाले, "मोठ्यानं." मी परत नुसतेच ओठ हलवले. मागची मुलं हसली आणि सरांनी पुढच्या मुलीला बोलावलं. मी नापास झाले.

आता शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यातही नापास झाले तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की शिक्षण बंद. गावी काकांनी स्थळ पाहूनच ठेवलं होतं. मला त्या स्थळाची भीती वाटायची, पण त्याहून जास्त माझ्याच गळ्याची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वडील पाळीवरून येऊन नुकतेच आडवे झाले होते. मी दारापाशी बसून तेच उत्तर पुटपुटत होते. एकाएकी रडू फुटलं. तेही बिनआवाजाचं, आमच्या घरच्या शिस्तीप्रमाणे. तरी ते उठून बसले.

"काय पुटपुटून राहिली? मला ऐकू दे ना."

"पप्पा, तुम्ही झोपा."

"झोप काय, उद्या होईल. बोल जोरात. मी जागाच आहे."

मी बोलले. आधी घोगरं, मग जरा बरं. एक अक्षर कळत नसताना ते भिंतीला टेकून मान डोलवत राहिले. मी कुठं अडखळले की म्हणायचे, "परत सांग." संध्याकाळी डबा उचलून ते पाळीला गेले, तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा माणूस आज मिनिटभरही झोपलेला नाही. शेजारच्या काकांची दोन बोटं अशाच एका डुलकीत मशीनच्या साच्यात गेली होती.

सकाळी त्यांची यायची वेळ टळून गेली. आई म्हणाली, "तू निघ, परीक्षा चुकेल." माझा पाय दारातून हलेना. पुस्तक उघडलं तर अक्षर लागेना. डोळ्यांपुढे तो साचा नुसता उघडत होता आणि मिटत होता. शिकायचं खूळ माझं आणि हात त्यांचे, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी सायकल हातात धरून चालत येणारे वडील दिसले. मी तोंडाकडं पाहिलंच नाही, आधी हँडलवरची बोटं पाहिली. सगळी होती.

"चेन तुटली," ते म्हणाले. "तू अजून इथंच? जा. जोरात बोल बरं."

परीक्षकांनी नेमका इंटरप्टच काढला. या वेळी आवाज निघाला. "हातातली सूचना प्रोसेसर आधी पूर्ण करतो! पुढं कुठून सुरू करायचं तो पत्ता जपून ठेवतो! मग नव्या कामाकडं वळतो, आणि ते संपलं की त्याच पत्त्यावर परत येतो!"

बाहेर व्हरांड्यातली मुलं आत डोकावून बघायला लागली.

"बस, बस," परीक्षक हसत म्हणाले, "बरोबर आहे. पास आहेस तू. पण किती मोठ्यानं!"

मी दचकून तोंडावर हात ठेवला. पास झाले हे डोक्यात शिरायच्या आधी मनात एवढंच आलं, की पप्पा जागे झाले असतील.