निघालाच नव्हता तो दुसरा खंड

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायला रुजू झालो. विभागप्रमुख डॉ. सुमन वाघमारे मॅडमनी पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. त्या मूळच्या आटपाडीच्या. दुष्काळावरचा त्यांचा प्रबंध आमच्या भागात प्रमाण मानला जाई. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहिताना पुष्कळ आठवतं. पण दशकाच्या शेवटी बसलेला एक धक्का अजून ओसरत नाही.

महाविद्यालयात इंटरनेट नुकतंच आलं होतं. मॅडमच्या प्रबंधाचं पुस्तक छापायला गेलं होतं. संदर्भ तपासायला आम्ही संगणकापुढे बसलो आणि मी एका जुन्या इंग्रजी ग्रंथाचं नाव टाइप केलं. परदेशातल्या एका ग्रंथालयाची सूची हळूहळू पडद्यावर उतरली. ग्रंथ होता, पण एकाच खंडाचा. आम्ही सगळे तर वर्षानुवर्षं दुसऱ्या खंडाचे दाखले देत होतो! मॅडमनी ईमेलनं विचारणा केली. उत्तर आलं : दुसरा खंड जाहीर झाला होता, निघालाच नव्हता.

"मग आमी पान नंबर दिला तो कशाचा वो?" एरवी प्रमाण बोलणाऱ्या मॅडम गावच्या बोलीत उतरल्या. तो दाखला त्यांनी आपल्या मार्गदर्शकांच्या लेखातून घेतला होता.

मी म्हणालो, "तेवढी तळटीप काढून टाका. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

त्यांनी छपाई थांबवली. पुढे साताऱ्याच्या परिषदेत त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत वृद्ध मार्गदर्शक बसले होते. "हा खंड अस्तित्वातच नाही. मी न पाहता, पाहिल्यासारखा दाखला दिला. चूक माझी आहे." मार्गदर्शकांचं नाव त्यांनी घेतलं नाही. तेच उठले. "सुमन, मी तरी कुठं पाहिला होता? मला माझ्या सरांनी सांगितला."

प्राचार्यपदाच्या मुलाखतीत ही कबुली मॅडमच्या विरुद्ध गेली. त्यांनी मात्र विभागाला नवी शिस्त लावली : मूळ ग्रंथ स्वतः पाहिला की दुसऱ्याच्या लेखातून घेतला, हे स्पष्ट लिहायचं, संकेतस्थळ असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख द्यायची.

पलूसच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, ते पान उद्या गायब झालं तर?"

"म्हणून तर तारीख. आणि छापील प्रत काढून ठेव."

त्या दाखल्यावर उभं असलेलं प्रकरण काढून, त्याजागी छोटं नवं प्रकरण लिहून त्यांचं पुस्तक उशिरा निघालं. आधी छापायला गेलेल्यापेक्षा बारीक, पण त्यातल्या प्रत्येक तळटिपेवर डोळे मिटून विसंबावं असं.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो; डोळ्यांना उत्तम दृष्टी लाभो. अजून पुष्कळ पुस्तकं त्यांनी स्वतः उघडून पाहायची आहेत.