केदारीच्या पुस्तकाची शेवटची पानं

निपाणीतल्या त्या विडी कारखान्यात सातवी शिकलेली बाई एकच, गुणाबाई. म्हणून दुपारची भाकरी झाली की ती पुस्तक उघडायची आणि बाकीच्या ऐकत ऐकत विड्या वळायच्या. वाचण्यात तिचं काम मागं पडायचं. ते भरून निघावं म्हणून जी ती आपल्या विड्यांची एक जुडी तिच्या सुपात टाकायची.

एकोणऐंशी साल असेल. बाजारात रद्दीवाल्याकडं गुणाबाईला एक कादंबरी मिळाली. बेळगावात राहणाऱ्या केदारी नावाच्या मांत्रिकाची. हा गडी दिवसा पोस्टात पत्रांवर शिक्के मारायचा आणि संध्याकाळी शहरातली भुतं धरायचा. टॉकीजमधली, कॅम्पातल्या बंगल्यातली, मोटारस्टँडावरची. मालिकेतलं पहिलंच पुस्तक होतं ते. बायका वेड्याच झाल्या.

"आता गं बया, पोस्टातला माणूस!" सोनुबाई म्हणाली. "माझ्या मनिआर्डरीवर काय मंतर फुकतोय कुणास ठाऊक, पैसा घरात ठरतच न्हाय!"

महिनाभर वाचन चाललं. शेवटी केदारी एका झटके येणाऱ्या पोरीच्या उशाशी बसला, त्यानं डोळे मिटले, आणि पुढची पानंच नव्हती. रद्दीवाल्यानं पुड्यांना फाडली असणार. घेताना शेवटचं पान बघितलंच नाही, हे सगळ्यांत सांगायची गुणाबाईला लाज वाटली. पुस्तकाकडं बघतच ती पुढं बोलत राहिली. केदारीनं औषधाची बाटली गटारात ओतली, पोरीच्या कपाळाला अंगारा लावला आणि पोरगी उठून बसली. बाटली गटारात का ओतली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ऐकायला झकास वाटलं, एवढंच.

तानीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या नऊ वर्षांच्या गंगव्वालाही झटके यायचे. ते पाणी बघून गुणाबाई आतून सुखावली. पुढं तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

दोन महिन्यांनी तानीबाई आठवडाभर कामावर आली नाही. गंगव्वा झटका येऊन चुलीवर पडली होती, हात भाजला होता.

"गोळ्या गटारात टाकल्या हुत्या म्हणं," सोनुबाई हळूच म्हणाली. "केदारीगत."

गुणाबाईच्या हातातलं विडीचं पान फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. मग तिनं तिसरं घेतलं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, हात जोडले, तर मान वर होईना. 'मी कुठं तिला टाक म्हटलं?' असं मनाशी म्हणून बघितलं. ते देवापुढं टिकलं नाही.

तानीबाई परत आली ती पोरीला घेऊनच. गंगव्वाच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. सोनुबाईच्या भावानं बेळगावाहून केदारीचं दुसरं पुस्तक आणलं होतं. भाकरी झाल्यावर ते निघालं.

"वाच गं गुणाक्का," तानीबाई सुपात जुडी टाकत म्हणाली. "केदारीचं काय चुकलं न्हाय. माझीच भक्ती कमी पडली."

गुणाबाईनं पहिलं पान उघडलं. केदारी सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसला होता. त्या झटके येणाऱ्या पोरीला त्यानंच तिथं आणलं होतं. तिच्या आईला तो सांगत होता, भूत असतं तर मी काढलं असतं बाई, पण हा आजार आहे, गोळी चुकवू नका.

बदलून वाचणं काही अवघड नव्हतं. कुणाला कळणार होतं? पण गुणाबाईनं जसं होतं तसं वाचलं.

"आँ?" सोनुबाईचे हात थांबले. "मागं तर बाटली वतली हुती की त्येनं! आता सुद्दीवर आला व्हय?"

"त्येनं न्हाय वतली," गुणाबाई म्हणाली. "शेवटची पानं न्हवतीच. मी... माझ्या मनानं सांगितलं मी."

तानीबाई उठली. मघाशी टाकलेली आपली जुडी तिनं गुणाबाईच्या सुपातनं उचलून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर गुणाबाईनं सोसल्या असत्या. मग तानीबाईनं कनवटीचा कागद काढला. दवाखान्याचा होता, घामानं मऊ झालेला.

"ह्ये वाच. गोळ्या कवा द्यायच्या, किती द्यायच्या. आन् पदरचं काय घालू नगंस."

कागद इंग्रजीत होता. गुणाबाईनं तो उजेडाला धरला, पुन्हा जवळ घेतला. सगळ्या बघत होत्या. त्या कारखान्यात आजवर तिनं कधी म्हटलं नव्हतं, ते तिला म्हणावं लागलं.

"मला ह्यातलं वाचता येत न्हाय, तानी."

"मग?"

"कंपौंडरकडं जाऊ. त्यो सांगंल ते मराठीत लिवून घेते आन् तुला वाचून दावते. त्येवढंच."

तानीबाईनं तिच्या हातातला कागद घेऊन पुन्हा कनवटीला लावला. पोरीचा बरा हात धरून ती चालू लागली. गुणाबाई पदर सावरून मागं निघाली. बरोबरीनं चालायचं धाडस काही तिला झालं नाही.