अण्णांचा डावा हात

दवाखान्यात पंधरा वर्षं पोतेरं फिरवलं तरी औषधांची नावं पाठ होत नाहीत, पण माणसांच्या गोष्टी मात्र आयोडीनच्या डागासारख्या चिकटून बसतात. हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागं एका खासगी दवाखान्यात मी एक्सरेच्या खोलीवर आया होते. माझं शिक्षण मराठी चौथी. आमचे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. तेव्हा दोघांत कोणाला काय कळत होतं, ते तुम्हीच ठरवा!

*

मशीन आलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. चालवायला नेमले गुरुअण्णा. पस्तिशीचे, उंचेपुरे, धारवाडकडचे. माझ्याशी मराठीत बोलायचे, चिडले की कन्नडमध्ये.

रोज सकाळी मशीन नीट चालतंय का ते बघायचा एक रिवाज होता. खोली काळोखी करायची, अण्णांनी डावा हात किरणांची नळी आणि पडद्याच्या मधे धरायचा आणि डॉक्टरांनी दारात उभं राहून बघायचं. बोटांची हाडं स्वच्छ दिसली की मशीन ठीक!

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, "रोज अण्णांचाच हात कशाला हो?"

"गंगाबाई, ती हाडं आता माझ्या ओळखीची झालीत. जरा पुसट दिसली की मला लगेच कळतं, मशीन बिघडलं!"

अण्णा बिघडले तर कशावरून कळणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

*

मशीन बघायला बाजारातले व्यापारी सहकुटुंब यायचे. चहा झाला की डॉक्टर हाक मारायचे, "अण्णा, हात!" अण्णा हातातलं काम टाकून काळोखात जाऊन उभे.

एकदा एका कापडवाल्याच्या बायकोनं पडद्याला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, ह्यात आयुष्याची रेषा कुठं दिसेना की!"

डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, फालतू गोष्टी या मशीनला दिसत नाहीत!"

*

लहान मुलं मशीनला भ्यायची. मग अण्णा त्यांना पोटाशी धरून नळीसमोर उभे राहायचे. डॉक्टर शेजारच्या खोलीत, मधे दीड हात जाडीची भिंत. तिथून ओरडायचे, "अजिबात हलू देऊ नका!"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, भिंतीआड काय दिसतं तुम्हाला?"

"तुमचं पोतेरं झालं का?"

एवढा शिकलेला माणूस, पण उत्तर पोतेऱ्याचं!

*

दोन वर्षांत अण्णांचा चेहरा धुवून धुवून विरलेल्या धोतरासारखा झाला. दात घासले की हिरड्यांतून रक्त. पत्रा लागून बोट कापलं, तर दीड महिना पट्टी निघेना. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "चप्पल सैल झालीय."

डॉक्टरांनी निदान केलं, अंगात रक्त कमी आहे, रोज बकऱ्याची कलेजी खा. अण्णांच्या घरात कांदासुद्धा विचार करून आणत. त्यांची बायको शांतक्का दुसऱ्या दिवशी डबाभर बीट उकडून घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, "अहो, हे बीट आहे!"

शांतक्का म्हणाली, "रंग तर तोच आहे की!"

हसू नका. तिच्या औषधानं निदान अपाय तरी झाला नाही.

*

मग मुंबईहून शिकून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी अण्णांच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला तो काढेचनात. पांढऱ्या पेशी निम्म्यासुद्धा नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, "काच मळली असेल. परत मोजा."

काच मी स्वतः धुतली. बाईंनी परत मोजलं. तेच!

"परत!"

तिसऱ्यांदाही तेच. मग डॉक्टरांनी स्वतःचं बोट पुढं केलं. त्यांचं रक्त एकदम झकास निघालं. लगेच सगळ्यांना बोलावून म्हणाले, "बघा! मीही याच मशीनवर काम करतो. मला काही झालंय का? म्हणजे दोष मशीनचा नाही!"

दीड हाताच्या भिंतीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. बिचारी भिंत, तिचं कोणी कौतुकच केलं नाही.

*

डॉक्टरीणबाईंनी शांतक्काला आणि मला बाकावर बसवून समजावलं. रक्त हाडांच्या पोकळीत, मज्जेत तयार होतं. हे किरण हाडापर्यंत जातात, आणि रोज थोडं थोडं करून तो कारखानाच बंद पाडतात. "अण्णा आत्ता बाजूला झाले तर बरे होतील. असेच चालू राहिले तर रक्त तयार व्हायचंच थांबेल. मग माझ्याकडे औषध नाही."

आम्ही रोज हाडं बघत होतो. हाडांच्या आत काय असतं, ते विचारायला कोणाला सवड होती?

शांतक्कानं अण्णांना तिथंच धरलं. "उद्यापासून यायचं नाही!"

अण्णा म्हणाले, "मी नसलो तर मशीन कोणाच्या हातानं तपासणार? डॉक्टरांचा माझ्यावर विश्वास आहे."

"रक्त तुमचं, मशीन त्यांचं, आणि विश्वास तेवढा दोघांचा होय?"

दुसऱ्या दिवशी अण्णा बरोबर आठला हजर!

*

त्याच आठवड्यात तेलाच्या गिरणीचे एक मालक मशीन बघायला आले. चहा झाला. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, हात!"

अण्णा स्टुलावरून उठायला गेले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मी अण्णांच्या आणि नळीच्या मधे जाऊन बसले, बादली-पोतेऱ्यासकट.

"उठा, गंगाबाई."

"नाही उठत. आज तुमचा हात दाखवा पाहुण्यांना. तुमचं रक्त झकास आहे, सगळ्यांसमोर तुम्हीच सांगितलंत."

मालकांना गंमत वाटली. म्हणाले, "हो हो, डॉक्टरांचाच दाखवा!"

आता नाही कसं म्हणणार? डॉक्टर हसले. बाही वर केली. हात नळीपर्यंत नेला. तिथं थांबले. मग कोपऱ्यातलं कुलूपबंद कपाट उघडलं आणि आतून हातमोज्यांची जोडी काढली. जाडजूड, कोपरापर्यंत येणारे, आत किरण अडवणारं शिसं घातलेले. वरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता.

अण्णा बघतच राहिले. "इवु यावाग बंदवु री?" हे कधी आले हो?

डॉक्टर कागद सोडवत म्हणाले, "मशीनबरोबरच."

अण्णांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली. मी वाटेतली बादली बाजूला घेतली. ते भिंतीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत बाहेर गेले, ते थेट रस्त्यावर.

आत गिरणीमालक ताटकळले होते. म्हणाले, "बरं डॉक्टर, मग आता हात कोणाचा?"